सहा काडतुसांचा हिशेब

हिंदी चित्रपटांतील नायकाच्या हाती असलेले रिव्हॉल्व्हर ही मोठी अजब वस्तू असते. त्यातून एका दमात पंधरा-वीस गोळ्या सुटतात, धावत्या घोड्यावरूनही नेम चुकत नाही, आणि काडतुसे पुन्हा भरण्याची गरज तर नायकाला कधी भासतच नाही. आमच्या बहुतेक वाचकांचा या शस्त्राशी परिचय एवढाच असणार, आणि तो एवढाच असावा हे एका परीने समाजाच्या स्वास्थ्याचे लक्षणही आहे. परंतु याच शस्त्राचा एक क्रीडाप्रकार परदेशांत चांगला रुजला आहे. त्यात काडतुसे मोजूनच वापरावी लागतात, प्रत्येक गोळीचा जमाखर्च मांडला जातो, आणि त्यात प्रावीण्य मिळविण्याची जी रीत आहे ती कोणत्याही विद्येच्या अभ्यासकाने मन लावून पाहावी अशी आहे. अलीकडे आपल्या घरांतील मुलामुलींना नेमबाजीचे वेड लागू लागले आहे. म्हणून या महिन्यात त्या रीतीचा विचार करण्याचे आम्ही योजले आहे.

या खेळास इंग्रजीत ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ असे नाव आहे. आपण त्यास ‘प्रसंगानुरूप नेमबाजी’ म्हणू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५०च्या दशकात जेफ कूपर आणि त्यांचे काही सहकारी यांनी पिस्तुलांच्या मोकळ्या स्वरूपाच्या स्पर्धा भरविण्यास आरंभ केला. पुढे मे १९७६ मध्ये मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावी निरनिराळ्या देशांचे नेमबाज एकत्र आले आणि या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. कूपर त्याचे पहिले अध्यक्ष. महासंघाने ब्रीद म्हणून तीन लॅटिन शब्द घेतले : दिलिजेन्शिया, विस, केलेरितास. खेळाच्या परिभाषेत त्यांचा अर्थ अचूकता, शक्ती आणि वेग असा करतात. यांतील पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘काळजीपूर्वक परिश्रम’ असा आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ऑलिंपिकमधील नेमबाज एका जागी स्थिर उभा राहून ठराविक अंतरावरील वर्तुळांवर नेम धरतो. या खेळात तसे नसते. मैदानात पुठ्ठ्याची लक्ष्ये आणि पोलादी तबकड्या मांडलेल्या असतात. मध्ये लाकडी आडभिंती, खिडक्या, दारे असतात. काही लक्ष्ये एका ठिकाणाहून दिसतात, काही चार पावले पुढे गेल्यावर. पंचाच्या हातातील यंत्राची शिट्टी वाजली की वेळ सुरू होते, आणि शेवटच्या गोळीच्या आवाजावर ती थांबते. पुठ्ठ्याच्या मध्यभागी गोळी लागली तर पाच गुण, त्याभोवतीच्या भागात लागली तर तीन, कडेला लागली तर एक. काडतूस अधिक जोराचे असेल तर बाहेरच्या दोन भागांना एकेक गुण जास्त मिळतो. लक्ष्य अजिबात चुकले तर दहा गुण वजा होतात. उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे. जो भागाकार येईल त्यावर क्रमांक ठरतो.

हा भागाकार वरवर साधा दिसतो, पण तो फार शिकवून जातो. समजा, चार नेमबाजांनी साध्या जोराच्या काडतुसांनी सहा-सहा गोळ्या झाडल्या. पहिल्याने आठ सेकंद घेऊन सहाही गोळ्या मध्यावर बसविल्या : तीस गुण, भागाकार ३.७५. दुसऱ्याने तेच काम पाच सेकंदांत केले : भागाकार ६. तिसऱ्याने घाई करून साडेतीन सेकंदांतच खेळ संपविला. तीन गोळ्या मध्यावर, दोन बाजूला आणि एक वाया. त्याचे गुण झाले अकरा आणि भागाकार ३.१४. चौथ्याने साडेचार सेकंद घेतले, पाच गोळ्या मध्यावर व एक किंचित बाजूला बसविली : अठ्ठावीस गुण, भागाकार ६.२२. जिंकला तो चौथा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सर्वांत चपळ वाटलेला तिसरा गडी रेंगाळणाऱ्या पहिल्याच्याही मागे पडला. अचूकतेच्या मोबदल्यात वेग किती घ्यावा याचे गणित या खेळाइतके उघड क्वचितच कोठे मांडलेले आढळेल.

आता रिव्हॉल्व्हरकडे वळू. या स्पर्धांत बहुसंख्य खेळाडू स्वयंभरणी पिस्तुले वापरतात. त्यांत एका पेटीत दहा, पंधरा किंवा त्याहूनही अधिक काडतुसे मावतात आणि पहिल्या गोळीनंतर चाप अगदी हलका होतो. रिव्हॉल्व्हरचा विभाग वेगळा ठेवलेला असतो आणि त्यात उतरणारे थोडेच असतात. याचे कारण शस्त्राच्या रचनेतच आहे. चाप ओढताना बोटाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : काडतुसांचे चक्र एक घर पुढे फिरवावयाचे आणि घोडा मागे ताणून सोडावयाचा. त्यासाठी कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरच्या चापावर साधारणपणे चार ते पाच किलोंचा जोर द्यावा लागतो, आणि शस्त्राचे स्वतःचे वजन तर सव्वा किलोच्या आसपास. आपल्याहून तिप्पट-चौपट जोराने खेचली जाणारी वस्तू हातात स्थिर राहील कशी? शिवाय ही खेच लांब असते, आणि प्रत्येक गोळीला ती पहिल्यापासून पुन्हा करावी लागते.

काही जण यावर उपाय म्हणून आतील स्प्रिंगा हलक्या करून घेतात. त्याला मर्यादा आहे. स्प्रिंग फारच हलकी झाली तर घोड्याचा आघात दुबळा पडतो आणि काडतूस उडतच नाही. कारागिराचे काम संपते तेथून पुढचा पल्ला हातालाच गाठावा लागतो.

या हाताच्या शिक्षणाची पहिली पायरी पकड ही होय. उजव्या हाताने मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरावी, म्हणजे धक्का सरळ मनगटात येतो आणि नळी कमी उसळते. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे बाहेरून घट्ट आवळावी. येथे नवशिक्याला एक गोष्ट उलटी वाटते : जोर डाव्या हाताचा अधिक असावा लागतो. उजवी मूठ फार आवळली की तिचे चापावरील बोटही आखडते, आणि ज्या बोटाने एकट्याने, मोकळेपणी हालावे ते साऱ्या पंजाला बरोबर घेऊन हालते. अंगठ्यांच्या बाबतीत तर सावधगिरीच हवी. पिस्तुलावर अंगठे पुढे ताणून ठेवण्याची पद्धत आहे. रिव्हॉल्व्हरवर तसे करू नये. चक्र आणि नळी यांमध्ये बारीक फट असते आणि तीतून प्रत्येक गोळीबरोबर तप्त वायू जोराने बाहेर पडतो. त्या फटीपाशी बोट गेले तर गंभीर इजा होते.

दुसरी पायरी चापाची. तो एकाच संथ, अखंड ओघात मागे यावा. अर्ध्यावर थांबवून, नेम पुन्हा पारखून, मग उरलेला झटका द्यावयाचा, ही सवय घातक. कारण झटक्याच्या क्षणी नळी हमखास हालते. आणि मागे ओढण्याइतकेच महत्त्व चाप पुढे जाऊ देण्याला आहे. घाईत तो पुरता पुढे न जाऊ देता पुन्हा ओढला तर चाप अडकतो, नाहीतर चक्र फिरून एक काडतूस न उडताच मागे राहते. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की बोट ज्या गतीने मागे आले त्याच गतीने पुढे जावे. विणकराचा धोटा जसा दोन्ही दिशांना सारख्याच ओघाने जातो, तशी ही ये-जा असावी.

तिसरी पायरी डोळ्यांची. नळीच्या टोकावरील माशी, मागची खाच आणि दूरचे लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणावयाच्या असतात, पण मानवी डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. ते अंतर माशीचे असावे. लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालते. चाप ओढला जात असताना माशी थरथरते. ती जरा थरथरणारच, तो थरथराट मान्य करून ओढ चालू ठेवावी. आणि घोडा पडला त्या क्षणी माशी नेमकी कोठे होती हे नेमबाजाला सांगता आले पाहिजे. ज्याला हे सांगता येते त्याला पुठ्ठ्याकडे पाहण्याआधीच आपली गोळी कोठे लागली हे ठाऊक असते. ज्याला सांगता येत नाही त्याने हजार काडतुसे खर्चिली तरी तो आपल्या चुका मोजू शकत नाही, मग सुधारणार कोठून?

ही तिन्ही अंगे शिकण्यासाठी बार काढण्याची गरजच नसते, ही या विद्येतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रिकाम्या शस्त्राने केलेल्या सरावाला ‘कोरडा सराव’ म्हणतात. त्याचे नियम कडक आहेत. शस्त्र उघडून चक्राची सगळी घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने दोनदा खात्री करावयाची, खरी काडतुसे त्या खोलीत असताच कामा नयेत, समोर भक्कम भिंत असावी, आणि सराव संपला की ‘संपला’ असे ठरवून शस्त्र कुलपात ठेवावयाचे. मग ‘आणखी एकदाच’ म्हणून ते बाहेर काढावयाचे नाही. घोड्याच्या आघाताने यंत्रणेस इजा होऊ नये यासाठी दारू नसलेली नकली काडतुसे मिळतात. मग नळीवर, माशीच्या मागे, एक नाणे ठेवावयाचे आणि ते न पडता चाप पुरता ओढावयाचा. प्रथम हे दहांतून दोनदाही साधत नाही. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे काही आठवडे केले की नाणे स्थिर राहू लागते. ते स्थिर राहू लागल्यावरच गती वाढवावयाची, आणि नाणे पडू लागले की पुन्हा कमी करावयाची.

बडोद्याच्या तालमी-आखाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना यात नवे काही वाटणार नाही. लाठीचा हात उस्ताद आधी सावकाश, मोजून फिरवून घेतो. शिकाऊ मुलाला वाटते, हा आपल्याला मुद्दाम रखडवीत आहे. परंतु सावकाश करतानाच कोणती हालचाल अनावश्यक आहे हे कळते, आणि अनावश्यक ते गळून पडले म्हणजे वेग आपोआप येतो.

या विद्येचे आद्य अभ्यासक म्हणून अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील एड मॅकगिव्हर्न यांचे नाव घेतात. व्यवसायाने ते पाट्या रंगविणारे. त्यांनी विजेवर चालणारी कालमापन यंत्रे वापरून आपल्या हाताच्या हालचाली सेकंदाच्या बारीक अंशांत मोजल्या. वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, १९३२ साली, त्यांनी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात पाच गोळ्या एका लहानशा जागेत बसविल्या. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या साऱ्या प्रयोगांची साद्यंत हकीकत आहे. तो विक्रम जन्मजात चपळाईचा नव्हे, वर्षानुवर्षांच्या मोजमापाचा होता.

वेगात हात बसला तरी रिव्हॉल्व्हरची मूळ अडचण उरतेच : सहा गोळ्या संपल्या की पुन्हा भरावे लागते. काडतुसे एकेक करून भरणारा स्पर्धेत टिकत नाही. त्यासाठी सहाही काडतुसे गोलाकार धरून ठेवणारी साधने वापरतात. त्यांतील पातळ पोलादी चकतीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला पिस्तुले पुरेनात, म्हणून पिस्तुलाचेच काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्याचे ठरले. त्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड नव्हती. तेव्हा तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकार पट्ट्या काढण्यात आल्या. पुढे त्यांच्या पूर्ण चकत्या झाल्या, आणि युद्धाच्या टंचाईतून निघालेली ती युक्ती खेळाडूंचे आवडते साधन बनली.

भरण्याची क्रिया पाहताना एका झटक्यात झाल्यासारखी दिसते. वस्तुतः ती पाच-सहा स्वतंत्र हालचालींची माळ आहे. अंगठ्याने खटका दाबून चक्र बाहेर काढावयाचे, नळी वर करून मागे सारणारा दांडा एकदाच, पण खणखणीत दाबावयाचा, रिकाम्या पुंगळ्या खाली पडल्या की नळी खाली करून पट्ट्यावरील नवी चकती आत सोडावयाची, चक्र मिटवावयाचे, पकड पुन्हा पूर्वीसारखी जमवावयाची. प्रत्येक हालचालीला कारण आहे. पुंगळ्या काढताना नळी वर नसेल तर न जळलेल्या दारूचे कण चक्रामागील चांदणीखाली अडकतात आणि चक्र जड फिरू लागते. भरताना नळी खाली असेल तर काडतुसे स्वतःच्या वजनाने घरांत उतरतात. एकेक हालचाल सुटी करून रोज पन्नास वेळा घोटावी, मग दोन जोडाव्या, मग तीन. १९९९ मध्ये लुईझियानाचे जेरी मिक्युलेक यांनी सहा गोळ्या झाडून, काडतुसे भरून, पुन्हा सहा गोळ्या झाडण्याचे काम २.९९ सेकंदांत केले. बारा बार आणि मध्ये एक भरणी, हे सारे तीन सेकंदांच्या आत!

परंतु स्पर्धेत केवळ हाताचे कौशल्य पुरत नाही. तेथे हिशेब लागतो. शर्यतीपूर्वी खेळाडूंना मैदान पाहण्यास काही मिनिटे मिळतात. पिस्तूलवाला सरळ लक्ष्ये मोजतो. रिव्हॉल्व्हरवाल्यास कोठे किती गोळ्या लागतील आणि पायांच्या हालचालीत कोणत्या ठिकाणी भरणी लपविता येईल हे आधीच ठरवावे लागते. एका खिडकीतून चार पुठ्ठे दिसतात, प्रत्येकास दोन गोळ्या, म्हणजे आठ. मग सहा झाडून जागीच उभ्याने भरावे, की दोन पुठ्ठे पुढच्या जागेवरून घ्यावे? पोलादी तबकडी पाडण्यास एक जास्तीची गोळी लागली तर मांडलेला सारा हिशेब कोलमडतो; त्यासाठी दुसरी वाट मनात तयार हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ पासून साध्या जोराच्या काडतुसांसह आठ घरांच्या रिव्हॉल्व्हरला परवानगी दिली, तेव्हापासून हे गणित काहीसे सैल झाले. पण गणित सुटले नाही ते नाहीच.

या साऱ्यांवर सुरक्षेचे बंधन आहे. धावताना किंवा भरताना बोट चापाच्या कड्याबाहेर हवे. नळी मागे, प्रेक्षकांच्या दिशेस वळली अथवा शस्त्र हातून पडले, तर खेळाडू कितीही नामांकित असो, त्याची ती स्पर्धा तेथेच संपते. यात दयामाया नाही आणि नसावीही.

आमच्या वाचकांस याचा उपयोग काय, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. आपल्या देशात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही, आणि आपल्याकडील नेमबाजी मुख्यत्वे ऑलिंपिकच्या पठडीतली आहे. तथापि त्याच पठडीत पंचवीस मीटर ‘सेंटर फायर’ नावाचा एक प्रकार असून त्यात रिव्हॉल्व्हर चालते. त्याच्या उत्तरार्धात लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद पाठ फिरविते. त्या तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी मारावयाची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकाराचा उत्तरार्धही याच तीन सेकंदांचा आहे. शस्त्र वेगळे, नियम वेगळे. पण मोकळे बोट, स्थिर माशी आणि घाईवाचून वेग ही मागणी तीच.

आणि बडोदेकरांचा तर या खेळाशी जुना ऋणानुबंध आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली आपल्या बडोद्यात झाला. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष तेच. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरील अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. सभागृहात प्रत्येकाला नियमाने, आपल्या पाळीने बोलावयास लावणाऱ्या या गृहस्थाने नेमबाजीसारख्या शिस्तीच्या खेळास हात द्यावा, हे त्यांच्या वृत्तीला साजेसेच होते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय नेमबाजांनी तीन कांस्यपदके मिळविली, त्यांत एक कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांचे. तेव्हापासून आपला मुलगा किंवा मुलगी नेमबाजीस पाठवावी काय, आणि त्यासाठी किती खर्च करावा, याची चर्चा अनेक घरांत चालते. आमचे सांगणे एवढेच की प्रारंभीच महागड्या हत्याराच्या मागे लागू नये. मान्यताप्राप्त क्लबात, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलापासून सुरुवात करावी. वर्षभर मुलाच्या हाताकडे पाहावे. रोजची पंधरा मिनिटे तो कोणी न सांगता देतो काय? नेम चुकला असता ‘माझे बोट हालले’ असे म्हणतो, की पिस्तुलास नावे ठेवतो? पहिले उत्तर होकाराचे आणि दुसरे बोटाचे आले, तर पुढील खर्चाचा विचार आईवडिलांनी निःशंक मनाने करावा. तसे आले नाही तर रागावण्याचे कारण नाही. आणखी सहा महिने थांबावे, आणि तोवर नळीवर नाणे ठेवण्याचा सराव शिक्षकांसमोर चालू द्यावा.